करून दाखवा

दुर्ग गावात आमच्या शेजारच्या अंगणात रोज सकाळी चांगली थोराड माणसं हवेत काम करत. एक जण नसलेलं घमेलं डोक्यावर घेऊन राहिला, दुसरा नसलेल्या विटा झेलून राहिला, अन समोर काळा कोट घालून केशवराव उकिडवे बसलेले. मी तेव्हा नवीन नवरी. मले वाटलं, हा वेड्यांचा दवाखाना असेल. आमचे हे रेल्वेत होते. म्हणाले, नाही गं, मजुरांचे वकील आहेत ते.

तिकडे भिलाईत कारखाना उभा होऊन राहिला होता. धुळीतून लोखंडाचे खांब वर येत, संध्याकाळी तिकडचं आभाळ लाल होई, अन आपण जागे आहोत की झोपेत तेच समजत नसे. कुठून कुठून माणसं आलेली. कोणाला ठेकेदारानं काढलं, कोणाचा हात मशीनमध्ये गेला, की तो आमच्या गल्लीत हजर. वकिलांचं एकच म्हणणं, "सांगू नका भाऊ, करून दाखवा." काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय केस घेत नसत. पाहून झालं की स्वतः करून पाहत, तेही कोट न काढता.

एकदा कॅन्टीनमधून काढलेला डोसेवाला आला. त्यानं हवेत पीठ पसरलं, कडेनं तेल सोडलं, डोसा उलटला. वकील गंभीर होऊन विचारतात, गर्दीच्या वेळी करपत नाही का? तोवर माझी धाकटी नणंद कुंपणाशी ताटली घेऊन उभी.

एक ठेकेदार वकिलांना आपल्याकडे ओढायला मिठाईची टोपली घेऊन आला. वकिलांनी त्यालाही तेच सांगितलं. तो बिचारा खुर्चीत बसला, पाय हलवला, एक बोट इकडं तिकडं दाखवलं. वकील वाट पाहत राहिले. मग म्हणाले, "झालं? मले वाटलं अजून आहे." टोपली आली तशी परत गेली. नणंद बरेच दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

मग एका संध्याकाळी डोमाजी आला. म्हातारा माणूस, उभा जन्म रुळाखाली गिट्टी, म्हणजे खडी, ठोकण्यात गेलेला. कारखान्याच्या आतल्या लाईनवर कामाला होता. ठेकेदारानं सगळ्यांदेखत त्याच्याकडून गिट्टी ठोकून घेतली, म्हातारा धापा टाकायला लागला, तर म्हणाला, तू आता कामाचा नाही. काम गेलं की झोपडी जाणार, अन तिच्यात दोन आईवेगळ्या नाती. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या साहेबासमोर सुनावणी.

वकील म्हणाले, करून दाखवा. डोमाजीनं सोबत आणलेली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली, थोडं ठोकलं अन थांबला. छाती भात्यासारखी. वकिलांचा चेहरा उतरला. उद्या साहेबासमोर हेच झालं तर?

"एकट्यानं होतेच कुठं हे," डोमाजी म्हणाला. "समोर जोडीदार पाहिजे. त्याचा घाव पडला का आपला उठते. ठेकेदारानं मले एकट्यालेच उभं केलं, अन वकीलसाहेब, तुमीबी तेच करून राहिले."

वकील उठले. आमच्याकडून मुसळ मागून नेलं अन डोमाजीसमोर उभे राहिले. आधी नुसता गोंधळ. घाई काहून करता, म्हणून म्हाताऱ्यानं दोनदा दटावलं. मग हळूहळू ताल लागला. एकाचं खाली, दुसऱ्याचं वर. लाल उजेडात दोघं झोका घेतल्यासारखे हलत होते, अन म्हाताऱ्याचा श्वास शांत होत गेला. माझे हात पिठातच राहिले.

"कोणाजवळ शिकले जी?" डोमाजीनं विचारलं.

"कोणाजवळच नाही. माझे बाबा गँगमन होते, नागपूरकडच्या लाईनवर. मी पोटात होतो तवाच गेले. आईनं भांडी घासून मले वकील केलं. पण बाबा काम करताना कसे दिसत, ते तिनंही कधी पाहिलं नव्हतं. म्हणून जो येते त्याले मी..." मुसळ मात्र थांबलं नाही.

सुनावणीत त्यांनी एवढंच मागितलं, की डोमाजीला जोडीदार द्या अन मग पाहा. साहेबानं जोडीदार दिला. डोमाजी एकदाही थांबला नाही. काम राहिलं, झोपडी राहिली.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी डोमाजी येऊ लागला. केस नाही, काही नाही. ओट्यावर बसून चहा प्यायचा, कप खाली ठेवायचा, अन एवढ्या मोठ्या वकिलाला म्हणायचा, "चाल पोरा, उभा राय समोर."