अभ्रा चढवा, अभ्रा उतरवा

भाऊंचा उजवा हात वर होता आणि निदान पाच आठवडे तरी तो खाली येणार नव्हता. डॉक्टरांनी खांद्यापासून मनगटापर्यंत प्लास्टर घातलं होतं आणि त्याला छातीच्या पट्ट्यापासून एक टेकू दिला होता. कोपर बाजूला, पंजा सरळ आभाळाकडे. उत्तर येत नसूनही बाईंचं लक्ष जावं म्हणून हात वर करणाऱ्या मुलासारखे भाऊ दिसत होते.

पडलात कुठे, असं विचारणाऱ्याला भाऊ "बाथरूममध्ये" असं सांगत. ही थाप होती. भाऊ पडले होते घरामागच्या पायऱ्यांच्या बोळात. त्या बोळाला बासष्ट पायऱ्या होत्या, धरायला काही नव्हतं, आणि तिथे कठडा बसवण्याचा ठराव नगरपालिकेत चार वेळा फेटाळला गेला होता. नगरसेवक म्हणून चारही वेळा भाऊंनी त्याच्या विरोधात हात वर केला होता. आता हे लोकांना कुठल्या तोंडाने सांगणार?

विरोधात हात वर करण्याचं कारण साधं होतं. गटनेत्यांनी तसं सांगितलं होतं. पंचवीस जणांच्या सभागृहात त्यांच्या गटाचे तेरा आणि विरोधकांचे बारा. एक हात हलला की सगळं डळमळणार. कठड्याचा निधी गटनेत्यांना नगरपालिकेच्या दारातल्या रंगीत कारंज्यासाठी हवा होता. गटनेते मान हलवत आणि भाऊ हात वर करत. त्यामुळे लोक त्यांना पाठीमागे होयबा म्हणत. घरात बायको समोरच म्हणे.

"तुमच्या कारंज्याला धरून आई खाली उतरणार आहेत का?" ती विचारायची.

भाऊंची आई दोन वर्षं त्या पायऱ्या उतरली नव्हती. खालच्या टोकाला तिची मैत्रीण राहायची, तीही वर चढू शकत नव्हती. दोघी रोज सकाळी आपापल्या टोकाला उभ्या राहून ओरडून गप्पा मारत. त्यामुळे मैत्रिणीच्या सुनेबद्दल जे काही होतं ते अख्ख्या बोळाला ठाऊक होतं, सुनेलासुद्धा.

प्लास्टर घातल्यावरचे पहिले दोन दिवस भाऊंना रस्त्यात फार त्रास झाला. ते फुटपाथवर उभे राहिले की रिक्षा थांबायच्या. नाही म्हटलं की रिक्षावाले चिडायचे, "मग हात कशाला करता हो?" पलीकडून जाणारी अनोळखी माणसं हसून परत हात करायची. हॉटेलात बसले तर वेटर पुन्हापुन्हा ऑर्डर घेऊन गेला. भाऊ एका दुपारी सहा कप चहा प्यायले, कारण नको म्हणायचं तर डावा हात हलवावा लागे आणि डाव्या हातात आधीचा कप असे.

खरा गोंधळ गुरुवारच्या सभेत झाला. बागेत बाकं ठेवावीत, असा विरोधकांचा ठराव होता. सभासचिवांनी पेन्सिलीने एकेक हात मोजला.

"बाजूने तेरा. विरोधात तेरा. एकूण सव्वीस."

नगराध्यक्षबाई दचकल्या. "सव्वीस? अहो, सदस्य पंचवीस आहेत!"

"सभागृहात बाहेरचा माणूस घुसलाय!" गटनेते ओरडले. दारं लावली गेली. बाकाखाली वाकून पाहिलं गेलं. चहा घेऊन आलेल्या शिपाईमामांना दोन जणांनी धरलं आणि त्यांनी कोणाच्या बाजूने हात वर केला ते कबूल करायला सांगितलं. शेवटी विरोधी बाकावरच्या टेलरबाईंचं लक्ष भाऊंच्या हाताकडे गेलं.

"हा बघा सव्विसावा! हा दोन्हीकडे मोजला गेलाय."

"अहो, पण तो प्लास्टरमध्ये आहे," भाऊ म्हणाले.

"हात आहे की नाही?" टेलरबाईंनी विचारलं.

"आहे."

"वर आहे की नाही?"

"आहे, पण..."

सचिवांनी चष्मा पुसला आणि नियमावली उघडली. या माणसाने लग्नाच्या मांडवातसुद्धा अक्षता टाकायच्या आधी मुहूर्त दोनदा तपासला होता. "नियम सतरा. मतदानाच्या वेळी जो हात वर दिसेल तो मोजला जाईल. का वर आहे, हे विचारायची तरतूद नाही. मात्र एकदा मोजलेला हात पुन्हा मोजता येणार नाही. तेव्हा बाजूने तेरा, विरोधात बारा. ठराव मंजूर."

गटनेत्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी आपलं जाकीट काढून भाऊंच्या पंजावर टाकलं. पुढच्या ठरावाला ते जाकीट सरकलं, दोन बोटं बाहेर आली आणि दोन बोटांना हात म्हणायचं का, यावर पाऊण तास चर्चा झाली. अखेर सर्वानुमते ठरलं, की हात नीट झाकणारं एकच अधिकृत आवरण असावं, त्यावर सचिवांचा शिक्का असावा आणि त्याशिवाय दुसरं कुठलंही कापड चालणार नाही.

ते आवरण भाऊंच्या बायकोने दिलं. उशीचा अभ्रा, निळ्या फुलांचा, कडेला झालर असलेला. सचिवांनी फुलांच्या मधोमध शिक्का मारला.

पुढच्या दोन गुरुवारी कामकाज झकास चाललं. गटनेते "अभ्रा चढवा!" म्हणत, शिपाईमामा स्टुलावर चढून अभ्रा चढवत. "अभ्रा उतरवा!" म्हटलं की उतरवत. इतिवृत्तात कंसात तशी नोंद होई. घाईत मामांनी एकदा अभ्रा भाऊंच्या डोक्यावर चढवला आणि गटारांचा अख्खा विषय भाऊंनी अंधारातच ऐकला. सभा संपली की बायको अभ्रा पिशवीत घालून घरी नेई आणि पुढच्या गुरुवारी परत आणे.

चौथ्या गुरुवारी टेलरबाईंनी कठड्याचा ठराव पाचव्यांदा मांडला. गटनेत्यांनी जांभई दिली आणि नेहमीसारखं म्हटलं, "अभ्रा चढवा."

शिपाईमामा स्टुलावर चढले. "साहेब, अभ्रा नाहीये."

सगळ्यांनी वर पाहिलं. प्रेक्षकांच्या बाकावर भाऊंची बायको पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"अगं, अभ्रा कुठंय?" भाऊंनी विचारलं.

"धुवायला टाकलाय," ती शांतपणे म्हणाली. "किती मळला होता! मामांचे हात बघा जरा."

"आजच धुवायचा होता?"

"मग काय निवडणुकीनंतर धुवू?"

गटनेत्यांनी टेबलावरचा रुमाल ओढला. सचिवांनी पेन्सिल वर केली. "शिक्का नाही. चालणार नाही."

"मग तुम्ही बाहेर जा!" गटनेते भाऊंच्या कानात फुसफुसले, पण ते तिसऱ्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "तुम्ही नसलात की बारा-बारा. बरोबरी झाली की नगराध्यक्षबाई मत देतील. त्या आपल्याच आहेत. पळा!"

सचिव मोजायला उठले. भाऊ धावले. दार उघडलं आणि समोर व्हरांड्यातल्या बाकावर त्यांना आई दिसली.

"आई? तू इथे कशी?"

"बसून बसून उतरले," आई म्हणाली. तिच्या लुगड्याची मागची बाजू धुळीने भरली होती. "एकेक पायरी. बासष्ट. दीड तास लागला. म्हटलं, माझा लेक काय करतो ते आज डोळ्यांनी बघावं."

मागून गटनेते ओरडले, "अहो, निघा ना!"

भाऊ निघाले आणि धाडकन अडकले. पोट व्हरांड्यात, प्लास्टर दाराच्या चौकटीत, पंजा सभागृहात. गटनेत्यांनी मागून ढकललं. शिपाईमामांनी बाहेरून ओढलं. आईने काठी बाजूला ठेवली आणि ती काहीही न करता बघत बसली.

"सदस्य बाहेर गेलेले आहेत!" गटनेते धापा टाकत म्हणाले.

सचिव दारापर्यंत चालत आले. त्यांनी पंजा चारी बाजूंनी पाहिला. "सदस्य बाहेर आहेत, हे खरं. हात आत आहे आणि वर आहे. नियमात सदस्य कुठे दिसावा असं नाही, हात कुठे दिसावा एवढंच आहे." त्यांनी पेन्सिलीने पंजाला हलकेच टोचलं. "तेरा. कठडा मंजूर."

टेलरबाईंनी एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की नगराध्यक्षबाईंनीही चुकून दोन वाजवल्या. भाऊंना चौकटीतून सोडवायला सुतार बोलवावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी करवतीने प्लास्टर कापलं. हात हळूहळू खाली आला.

"हे खरं तर सोमवारीच काढायचं होतं," डॉक्टर म्हणाले. "हाड लवकर जुळलंय. पण तुमच्या मिसेसचा फोन आला, शुक्रवारपर्यंत राहू द्या म्हणून."

भाऊंनी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता मन लावून वाचत होती.

"आणि अभ्रा?" भाऊंनी विचारलं.

"मंगळवारीच वाळला होता. पिशवीतच होता काल." ती वळली. तिला आता हसू आवरेना. "चार वेळा सांगून ऐकलं नाहीत. मग काय करणार? नशीब, ऐन वेळी दारात अडकलात. नाहीतर सगळं मुसळ केरात गेलं असतं."

भाऊंनी हात दोनदा वाकवून पाहिला. मग खांद्यावर सदरा घेत म्हणाले, "अगं, महिनाभर घरातल्या न् बाहेरच्या प्रत्येक दारातून मी तिरका जातोय. आपल्या न्हाणीघराचं दार तर सभागृहाच्या दाराच्या निम्मं आहे. तिथे कधी अडकलो का?"

बायकोचं हसू थांबलं. ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

"चल," भाऊ म्हणाले. "आई बोळाच्या खाली मैत्रिणीकडे राहिलीय कालपासून. तिला वर आणायचंय, आणि कठडा बसायला अजून महिना आहे."