चार चाकांचा मानपान

॥ श्री ॥ ज्याच्या उंदरास टायर बदलावे लागत नाहीत, जो वाटेतील विघ्ने हरतो आणि खड्डे मात्र ज्याचे त्याने चुकवावे म्हणून राहू देतो, त्या गजाननास नमन करून हे वर्तमान लिहिले आहे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, श्रावण वद्य पक्ष. ते समयी एका राज्यात श्रीमंत अंबादासराव महाराज राज्य करीत होते. राज्याचे नाव लिहिले नाही, कारण लिहिले तर ते शेजारच्या राज्याच्या आधी का नाही लिहिले म्हणून तेथील मंडळी रुसतील. राज्य लहान, मानपान मोठा. पंगतीस पहिला पाट कोणाचा, देवळात नारळ कोणी वाढवावा, वरातीत कोणी कोणापुढे चालावे, हे सर्व ठरलेले, आणि त्यात सूतभर चूक जाहली तर माणसे वर्षवर्ष बोलत नसत. महाराज स्वभावे प्रेमळ, परंतु खर्चाची गोष्ट निघाली की मन महागाकडे धावे आणि हात स्वस्ताकडे जाई, ऐसी त्यांची नित्याची ओढाताण.

महाराजांस एकच कन्या, नाव सुगंधा, ती घाटापलीकडे दिली होती. तीस सातवा महिना लागला, डोहाळजेवण जाहले, आणि पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही रीत म्हणून महाराज आपली मोटार घेऊन कन्येस आणावयास गेले. तेथे विहीणबाई गोदूबाईंनी पुरणावरणाचे जेवण घातले, कन्येची ओटी भरली, आणि आता निघावयाचे तो त्या बाई मोटारीभोवती प्रदक्षिणा घालू लागल्या. महाराजांस वाटले, नजर उतरवीत असतील. मग बाई खाली वाकल्या, टायरावरून हात फिरविला आणि म्हणाल्या, "व्याहीबुवा, हे टायर म्हणायचे की अंगाला लावायचा साबण? नक्षी म्हणून उरलेली नाही. वर घाटात पाणी वाहतंय. ह्या गाडीतून मी सून धाडायची नाही." महाराज म्हणाले, "इतकी वर्षं चालतीय की." बाई म्हणाल्या, "म्हणूनच झिजलेत. टायर बदलून या. आठवा लागायच्या आत आलात तर पोर तुमची. आठवा लागला की मी तिला वेस ओलांडू देणार नाही, बाळंतपण इथं होईल." त्यावर कोणाचे काय चालणार? महाराज रित्या मोटारीने परतले. इकडे राणीसाहेबांनी खोली सारवून ठेविली होती, पाळणा घासून ठेविला होता, डिंक तळून ठेविला होता. मोटारीतून एकटे महाराज उतरताना पाहून त्या दारातच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, माझी पोर कुठाय?" महाराजांस फार वाईट वाटले.

दुसरे दिवशी दरबार भरला. टायरांचा व्यापारी दोन जातींचे टायर घेऊन हजर जाहला. एक महागाचा, मोठ्या घराण्याचा, ओल्या रस्त्यास घट्ट धरणारा आणि चालताना आवाज न करणारा. दुसरा स्वस्ताचा, ज्याचे कूळ विचारले असता व्यापारी आकाशाकडे पाहू लागला. कोणता बरा ऐसे पुसता तो म्हणाला, "दोन्ही उत्तम, सरकार. ज्याची त्याची आवड." त्यास दोन्ही माल खपवावयाचे, तो दुसरे कशास बोलेल? मग राणीसाहेबांचे थोरले बंधू, महाराजांचे मेहुणे तात्याबा, पुढे सरसावले. हे गृहस्थ दुसऱ्याचे पैसे वाचविण्यात फार तत्पर. म्हणाले, "दाजी, टायर म्हणजे काय? काळा असतो, गोल असतो, आत हवा असते. हवा दोन्हींत तीच. महागाच्यात काय अत्तर भरतात?" त्यावर राणीसाहेब आपल्याच भावावर उसळल्या आणि म्हणाल्या, "दादा, तू स्वस्तातली छत्री आणली होतीस, ती उन्हात उघडायची आणि पावसात मिटायची. मला लेक आणायचीय, कोथिंबीर नाही." मग सारथी निवृत्ती छाती काढून म्हणाला, "सरकार, चाक माझ्या हातात आहे. टायर नुसते शोभेला. म्हणाल तर मोकळ्या रिमवर घाट उतरवून दाखवतो." ऐसे सर्वांनी आपापले शहाणपण सांगितले आणि महाराज अधिकच घोटाळ्यात पडले.

तेव्हा महाराजांनी डोळे मिटले, बराच विचार केला आणि त्या राज्यास शोभेल ऐसा निवाडा दिला, की जैसा मान तैसा टायर. मोटारीत डावे अंगास पुढे खासे महाराज बसणार आणि मागे कन्या बसणार, सबब डावीकडील दोन महागाचे. उजवीकडे पुढे सारथी आणि मागे महाराजांची थोरली बहीण आत्यासाहेब बसणार, सबब तिकडील दोन स्वस्ताचे. राणीसाहेब खूष, तात्याबा खूष, व्यापारी सर्वांहून खूष. दरबारात वाहवा जाहली की इतका बारीक न्याय पूर्वी कोणी केला नव्हता. परंतु हे वर्तमान आत्यासाहेबांस कळले आणि त्यांनी पुढ्यातले ताट सरकविले. म्हणाल्या, "अंबू, तुला मी कडेवर घेऊन वाढवला. आणि आज माझ्या बुडाखाली हलका टायर? मी येत नाही, जा." लेकीस आणावयास घरची वडील बाई गेलीच पाहिजे ही रीत, पहिल्या खेपेस ती चुकली म्हणून आधीच नाके मुरडली गेली होती, आणि राणीसाहेबांहून वडील ऐसी आत्यासाहेबांवाचून दुसरी बाई नाही. मग महाराज त्यांच्या दारी गेले, पाया पडले, आणि त्यांच्या बाजूसही महागाचा टायर बसविण्याचा हुकूम जाहला. येणेप्रमाणे तीन चाके मानाची जाहली. राहिले एक, ते सारथ्याचे. निवृत्तीस मान असा काही नव्हताच, आणि रिमवर घाट उतरविण्याची बढाई त्यानेच मारलेली, म्हणून स्वस्ताचा टायर त्याच्या खाली गेला. ज्याच्या हाती सर्वांचे जीव त्याच्याच खाली हलका टायर, हे त्या शहाण्या दरबारात एकासही सुचले नाही.

आठवा महिना लागण्यास एक दिवस उरला असता स्वारी निघाली. राणीसाहेबांनी कन्येच्या जागेवर मऊ गोधडी अंथरली आणि लाडवांचा डबा ठेविला. मोटार बहुत ऐटीत चालत होती. सपाटीवर काहीच कळले नाही. मग घाट लागला, रस्ता ओला होता, आणि एका वळणावर म्हशींचा कळप आडवा आला. म्हशीस महाराज आणि प्रजा सारखेच. त्यातली एक रस्त्याच्या मध्ये उभी राहून रवंथ करू लागली. निवृत्तीने ब्रेक दाबला, आणि पुढचे डावे चाक जागच्या जागी धरून राहिले, उजवे मात्र तेलावर घसरावे तैसे पुढे गेले, आणि मोटार गरकन डावीकडे फिरून उलट्या तोंडाची जाहली, मागचा भाग फेकला गेला, आणि मागील डावे दार घाटाच्या कठड्यावर जाऊन आदळले. मोठा आवाज जाहला. मग सर्व शांत. म्हैस जागची हलली नाही. कोणास खरचटलेही नाही. महाराज उतरले आणि मागे जाऊन पाहतात तो दार आत चेपलेले, आणि गोधडीवर काचाच काचा. लाडवांचा डबा चेपून अर्धा जाहला होता. महाराज त्या गोधडीकडे पाहत राहिले. मग भर रस्त्यात खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. म्हणाले, "अक्का, इथं आपली सुगंधा बसली असती गं." तेव्हा आत्यासाहेब चिखलातून त्यांच्यापाशी आल्या, डोक्यावर हात ठेविला आणि म्हणाल्या, "अंबू, ऊठ. टायरासाठी मीही रुसले होते, मलाही लाज वाटतीय. पण पोर वाट बघतीय, ऊठ."

मग महाराज उठले, आणि त्यांनी चारही चाकांकडे नीट पाहिले, आणि काय घडले ते त्यांस कोणी न सांगता समजले. वर घाटमाथ्याच्या बाजारात एक टायरांचे दुकान होते, तेथपर्यंत मोटार पायी चालावी तैसी हळू नेली. दुकानदाराने विचारले, "कोणता देऊ?" महाराज म्हणाले, "त्या तिघांच्या जातीचाच. कोण कुठं बसतं ते विचारू नका." टायर बसला, मोडक्या खिडकीस प्लास्टिकचा कागद बांधला, काचा वेचल्या आणि गोधडी झटकली. इतक्यात तात्याबांचा फोन आला. सर्व ऐकून ते म्हणाले, "दाजी, विहिणीला सांगा, गाडी उभी होती आणि कुणीतरी ठोकून गेलं. काय करायचंय खरं सांगून? खरं सांगाल तर पोर तिथंच राहील." सल्ला सोयीचा होता, आणि महाराजांच्या मनात भरलाही. वाटभर ते ओठांतल्या ओठांत तेच वाक्य घोकत होते.

सांज व्हावयाच्या आत स्वारी व्याह्यांच्या दारी पोचली. गोदूबाई बाहेर आल्या, चारही टायरांवरून हात फिरविला, मान डोलावली, आणि मग मोटारीच्या चेपलेल्या दाराशी येऊन थांबल्या. "हे काय?" महाराजांनी तोंड उघडले. मागे उंबऱ्यात कन्या जड पावलांनी येऊन उभी राहिली होती आणि बापाकडे पाहून हसत होती. तिला पाहिले आणि घोकलेले वाक्य महाराजांच्या तोंडून निघेना. म्हणाले, "विहीणबाई, तीन टायर भारी घातले आणि एक हलका. कोण कुठं बसणार ह्याचा मान बघून घातले. घाटात गाडी फिरली. आता चारही एक आहेत, पण पोर धाडायची की नाही ते तुम्ही ठरवा. मी आग्रह करणार नाही." इतके बोलून महाराज मान खाली घालून उभे राहिले. गोदूबाईंनी खिडकीचा कागद बोटाने दाबून पाहिला. मग म्हणाल्या, "खोटं बोलला असतात तर ह्याच दारातून परत धाडलं असतं. धाडते. पण मी सोबत येणार, आणि पुढं बसणार. माझं लक्ष राहील सारथ्यावर."

पुढली जागा म्हणजे खाशांची जागा, परंतु महाराजांनी स्वतः तिचे दार उघडून धरिले. विहीणबाई पुढे बसल्या. मोडक्या दाराशी, फडफडणाऱ्या कागदापाशी, आत्यासाहेब आपण होऊन बसल्या आणि कन्येस उजवीकडची धड जागा दिली. राहिली मधली जागा, जिच्या खाली महागाचे चाक नाही की स्वस्ताचे नाही, पाय ठेवावयास धड जागा नाही, जेथे एरवी पोरेबाळे कोंबतात. तेथे महाराज अंग चोरून बसले. निवृत्तीने मोटार इतकी हळू चालविली की वाटेत सायकली पुढे गेल्या, आणि विहीणबाई तरीही "हळू रे" म्हणतच होत्या. घाट उतरता उतरता कन्येस डोळा लागला आणि तिचे डोके बापाच्या खांद्यावर आले. महाराजांचा हात अवघडला, पाय बधिर जाहले, परंतु घर येईपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

तात्पर्य इतकेच की कन्या माहेरी सुखरूप पोचली आणि यथाकाळ सुखरूप प्रसूत जाहली. महाग बरा की स्वस्त बरा हा वाद त्या दरबारात अद्यापि चालतो. त्यात महाराज काही बोलत नाहीत. कन्येस घेऊन कोठे जावयाचे असले म्हणजे मात्र सर्वांच्या आधी जाऊन मधली जागा धरतात. कळावे.