तात्यांचा सर्च

तात्या प्रभुणे कॉम्प्युटरला एकच प्रश्न तीनदा विचारायचे. उत्तर पहिल्या फटक्यात आलं, तरीही. "पहिल्यांदा विचारल्यावर खरं कोण सांगतं?" हे त्यांचं म्हणणं. सरकारी कचेरीत त्यांचा सगळा जन्म खिडकीच्या आतल्या बाजूला गेला होता. "मी तरी कुठे सांगत होतो?"

ते आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहत. इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत तेव्हा कॉम्प्युटर फक्त माझ्याकडे होता, शिवाय क्लासचं सर्टिफिकेट मी फ्रेम करून भिंतीवर लावलेलं. म्हणजे मी तज्ज्ञच. दुपारी मोडेम किंचाळला की तात्या खाली हजर. "इंजिनियर, जरा सरक." मी कॉमर्सचा.

मी त्यांना शिकवायला घेतलं. "तात्या, अख्खं वाक्य नको. मोजके शब्द. आणि स्पेलिंग अचूक हवं." प्रात्यक्षिक म्हणून एका प्रवासाच्या वेबसाइटवर आपल्या गावाचं नाव टाकलं: एन-ए-एस-एच-आय-के. काही नाही. पुन्हा टाकलं. नाहीच. "आपलं नाशिक इंटरनेटवर आलेलंच नाही अजून," मी जाहीर केलं.

"मग आपण आत्ता कुठे बसलोय?" म्हणत तात्यांनी एका बोटाने टाइप केलं. एच विसरले. स्क्रीनवर गोदाघाट, पांडवलेणी, हॉटेलं, सगळं धो धो उतरलं.

"एक नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहून बघावं, हे मी सांगणारच होतो," मी म्हणालो. तात्या नुसते खोकले.

पुढे ते परदेशातल्या एका विद्यापीठाच्या वेबसाइटवर बसायला लागले. तिथल्या सर्चच्या चौकटीत काहीतरी टाइप करायचे आणि मी जवळ गेलो की हाताने झाकायचे. एका दुपारी मात्र स्वतःच म्हणाले, "बघ रे जरा. तिथे आहे, पण सापडत नाही."

चौकटीत इंग्रजी अक्षरांत होतं, 'चि. विनय यशवंत प्रभुणे'.

विनय त्यांचा मुलगा. त्याच्या लग्नावरून दोघांचं बिनसलं, तेव्हापासून येणं नाही, फोन नाही. सोसायटीला एवढं ठाऊक होतं. पुढचं कुणी विचारत नसे.

"तात्या, ते 'चि.' काढावं लागेल. त्याला कळत नाही."

"काढायलाच हवं?"

"हो. आणि तुमचं नावपण."

त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. दोन्ही मीच पुसली.

विनयचा फोटो आला. विरळ केस, जाड चष्मा. खाली ई-मेल, फोन नंबर. मी लगेच सरसावलो, "मेल करू या? तुम्ही सांगा, मी टाइप करतो."

"नको. कामात असेल."

मी चहा टाकायला आत गेलो. असल्या वेळी माझं ज्ञान गॅसपर्यंतच जातं. कप घेऊन परतलो आणि दारातच थांबलो.

तात्या स्क्रीनच्या अगदी जवळ वाकले होते. हळूच विचारत होते, "जेवलास का रे?"