बशी नेमकी कुणाची?

मावशींच्या स्पॅनिश हॉटेलासाठी बिलिंग मशीन निवडणे ही बाब गंभीर असल्याने तिघांची समिती नेमण्यात आली. जावई अध्यक्ष झाले, कारण ते जावई होते. आचारी सदस्य झाला, कारण कशातही त्याचं मत घेतलं नाही, की तो रागानं मीठ विसरायचा. तिसरा सदस्य मशीन विकणाराच होता, त्यामुळे तज्ज्ञाचा खर्च वाचला. मालकीण म्हणून मावशींना बसायला खुर्ची मिळाली.

हॉटेलची रीत जुनी. लहान लहान बशा लांब टेबलाच्या मधोमध ठेवायच्या, ज्याचा हात पोचेल त्यानं खायचं. अनोळखी माणसं एकाच ऑलिव्हवर झडप घालायची आणि जाताना एकमेकांचे पत्ते घेऊन जायची. मावशींचे यजमानसुद्धा त्यांना असेच भेटले होते, मावशींच्या पुढ्यातली कोळंबी पळवताना. म्हणून मावशींची एकच अट होती: मशीन कुठलंही आणा, माझ्या टेबलाला हात लावायचा नाही.

विक्रेत्यानं पडदा उजळला. "मॅडम, ही ऑम्लेटची बशी कुणाची?"

"टेबलाची."

"आमच्या मशीनमध्ये टेबल खात नाही."

"मग काय करायचं?" जावई.

"माणसांना नंबर द्या. बशी नंबराला जोडा."

समितीनं एकमतानं खुर्च्यांना नंबर दिले. पहिल्याच दिवशी सात नंबरच्या आजोबांनी आठ नंबरच्या नातीला एक ऑलिव्ह दिलं आणि मशीन अडकलं. चौकशीअंती ते 'विनापरवाना हस्तांतरण' ठरलं. पुन्हा असं घडू नये म्हणून दोन खुर्च्यांमध्ये फळ्या लागल्या.

"जावईबापू, टेबलाला हात लावायचा नाही म्हटलं होतं ना?"

"कुठे लावलाय, आई? टेबल जागच्या जागी आहे. फक्त फळ्या उभ्या केल्यात."

मग पाएयाची, म्हणजे स्पॅनिश मसालेभाताची, परात आली. एकाच परातीतला भात सहाजणांत मोजायचा कसा? मशीननं सहा वाट्या सुचवल्या. आचारी तापला. "वाटीत खरवड धरते का कधी? तळाच्या खरवडीवरून भांडण नाही झालं तर ते जेवण कसलं?"

"भांडणासाठी मशीनमध्ये बटण नाही," विक्रेता नम्रपणे म्हणाला.

वाट्या आल्या. रोजच्या सवयीनं मावशी एका फळीआडून हात घालून कुणाच्या तरी वाटीतला घास चाखायला गेल्या, तर मशीन कोकललं. मावशी गिऱ्हाईक नव्हत्या, नोकर नव्हत्या, आणि 'मालकीण' असा पर्याय फक्त महागड्या आवृत्तीत होता.

आता मात्र मावशींचा संयम संपला. त्यांनी भर गर्दीत मशीनची वायर उपटली आणि त्या ओरडल्या, "काढा रे त्या फळ्या! बशा मधे घ्या!"

एकही खुर्ची सरकली नाही. तीन नंबरच्या बाईंनी आपली वाटी जरा जवळ ओढली. "असू द्या हो मावशी. बरं वाटतं. कुणी मागत नाही, कुणाला द्यावं लागत नाही."

जावयांनी हळूच वायर पुन्हा जोडली.

अशा ठिकाणी आम्ही कशाला जाऊ, असं तुम्ही म्हणाल. जायचं तर आधी नोंदणी करा. तुमच्यासारखंच म्हणणाऱ्या मंडळींनी पुढचा अख्खा महिना भरून टाकलाय. भिंतीकडे तोंड असलेल्या खुर्च्या तर सगळ्यात आधी संपतात.