आईसाहेबांनी टर्बोचे पॅकिंग मिळविले आणि लेकीस माहेरी आणिले त्याची हकीकत

श्रीअंबेच्या पायी मस्तक ठेवोन, आणि ज्यांस खरे बोलणे झोंबते त्यांनी आधीच उठोन जावे ऐसे सांगोन, लिहिण्यास आरंभ केला ऐसीजे. शके १९४१, विकारी नाम संवत्सर, आश्विन शुद्ध सप्तमीचे दिवशी एका राज्यावर संकट गुदरले. राज्याची मालकीण आईसाहेब. थोरले सरकार कैलासवासी जाहल्यावर शेत, गोठा आणि सरकारांनी हौसेने घेतलेली जुनी तांबडी टर्बोची गाडी, सर्व कारभार त्याच पाहात, आणि उत्तम पाहात. कन्या रेवतीबाई घाटापलीकडील मुलखी दिलेल्या. त्यांचा सातवा महिना सरत आला होता. मागील खेपेस त्या सासरीच राहिल्या, आराम कसला तो मिळाला नाही, आणि पोट रिते जाहले. म्हणोन आईसाहेबांनी निश्चय केला की यंदा बाळंतपण माहेरी. परंतु उभय घराण्यांचा रिवाज ऐसा की माहेरचे कोणी न्यावयास आल्यावांचून सुनेस धाडो नये, आणि आठवा लागला म्हणजे गर्भारणीने प्रवासास निघो नये. आठवा लागत होता दसऱ्यास. रेवतीबाईंनी फोनवर इतकेच विचारिले, "आई, येशील ना गं?" आणि आईसाहेबांनी जबाब दिला, "पिशवी भरून ठेव."

मग स्वारी निघाली, आणि वेशीबाहेर चढ लागताच गाडी फडफड करो लागली, आणि आत धूर कोंडला, आणि आईसाहेबांचे चिरंजीव युवराज धैर्यशीलराव खोकत खोकत बाहेर पडले. मग सदोबा मिस्त्री, राज्याच्या शस्त्रागाराचे अधिपती, यांस पाचारण जाहले. त्यांनी बॉनेट उघडोन डोके आत घातले आणि म्हणाले, "काकू, इंजिनाचा धूर टर्बोत जातो ना, तिथल्या सांध्यातली पॅकिंगं जळाली. इंजिनाकडलं आणि टर्बोकडलं, दोन्ही." आईसाहेब म्हणाल्या, "जळतील कशी? चैत्रात तूच बसवलीस ना?" तेव्हां मिस्त्री चपलेच्या अंगठ्याकडे पाहो लागले. कारण अस्सल पॅकिंग शोधण्याचा कंटाळा करोन त्यांनी साधा पुठ्ठ्याचा शीट सांध्यावर ठेविला होता, आणि हातोडीने कडा ठोकठोकोन दोन्ही पॅकिंगे घरीच कापली होती. पाण्याच्या पंपास तैसे चालते. टर्बोचा सांधा तापोन लाल होतो, तेथे ते पापडासारखे करपले. "तशीच न्या की, काचा खाली करून," मिस्त्री म्हणाले. "म्हणजे पोटातल्या जिवाला धूर पाजू? तुझ्या बायकोला बसव आधी त्यात!" ऐसे ऐकोन मिस्त्र्यांनी बॉनेट लाविले. दुसरी गाडी करावी, तर गावच्या भाड्याच्या दोन्ही गाड्या यात्रेकरू घेऊन देवीच्या गडावर गेलेल्या, त्या दसरा करोनच परतणार. एसटीने आणावे, तर घाटातील खड्ड्यांत धडधाकट माणसाचे आतडे गळ्यास येते.

मग युवराज शहरी गेले. गाडीच्या कंपनीच्या दालनी काचेमागील पोरीने संगणकात पाहोन गोड हसोन सांगितले की हा माल कधीचाच बंद जाहला. मग ते आणिक दोन दुकाने हिंडले आणि दिवेलागणीस मोठा विजय मिळविल्यासारखे पुडके घेऊन आले. उघडोन पाहतात तो टर्बोच्या पॅकिंगास भोके तीन, आणि आपल्या टर्बोस बोल्ट चार. आईसाहेब म्हणाल्या, "एवढा ग्रॅज्युएट झालास, आणि चारापर्यंत मोजता येईना?" युवराज म्हणाले, "नमुना कुठं दिला होता तुम्ही?" हे खरे होते, सबब आईसाहेबांनी उद्या आपणच जाण्याचे ठरविले.

अष्टमीस आईसाहेब स्वतः करपलेली दोन्ही पॅकिंगे रुमालात बांधोन शहरातील जुन्या बाजारी दाखल जाहल्या. तेथे एक म्हातारे शेठ सुट्या भागांच्या ढिगात बसले होते. ते म्हणाले, "बाई, ही गाडी आता भंगारात घाला." आईसाहेब म्हणाल्या, "तुम्हीही जुनेच झालात की, शेठ. तुम्हाला घातलं का कुणी?" शेठ हसले, आणि मग म्हणाले, "माळ्यावर असलं तर असेल. पण गडी सुट्टीवर आहेत. दसरा झाल्यावर या." "दसऱ्यानंतर मला त्याचा उपयोग नाही. शिडी कुठाय?" आणि कोणी काही म्हणण्याआधी आईसाहेबांनी पदर खोचिला आणि शिडी चढो लागल्या. "अहो, पडाल! माझ्या दुकानात नको!" म्हणत शेठ स्वतः वर गेले. इंजिनाकडील पॅकिंग लवकर मिळाले. टर्बोचे मिळेना. एक काढिले ते लहान. दुसऱ्याची भोके सरकलेली. शेठांचा हात खोक्यात खालवर होई. अखेर खोक्याच्या तळाशी तेलकट कागदात एक पोलादी चकती निघाली. आईसाहेबांनी तीवर जळके पॅकिंग ठेविले, आणि चारही भोकांतून पलीकडचा उजेड दिसला. तेव्हां त्यांनी दोन्ही पॅकिंगे रुमालात बांधिली आणि शेठांचे पैसे मोजिले.

नवमीस उजाडताच मिस्त्र्याचे दारी गेल्या, तो तेथे निराळेच संकट. खंडेनवमी. पाने, हातोडी, जॅक, सर्व हत्यारे पाटावर मांडोन, हळदकुंकू वाहोन, झेंडूखाली झाकलेली. इतक्या धावपळीत मिस्त्र्यांचीही हत्यारे पूजेत असतील हे कोणाच्याच ध्यानी आले नव्हते. आईसाहेब स्वतः विळा, खुरपे पूजेस बसवोन घरोन निघाल्या होत्या! मिस्त्री हात जोडोन म्हणाले, "काकू, आज हत्यार हलत नाही. उद्या उत्तरपूजा झाली की लगेच." "उद्या आठवा लागतो." "मग मी काय करू? देवी कोपली तर माझ्या पोराबाळांवर येईल."  आईसाहेबांनीही जन्मात पूजेतले हत्यार हलविले नव्हते. मग चपला काढिल्या, पाटासमोर वाकल्या, झेंडू बाजूस केला आणि सर्वांत मोठा पाना उचलिला. म्हणाल्या, "देवी बाईमाणूस आहे, सदोबा. ही कुणासाठी घाई चाललीय ते तिला कळतं. नाहीच कळलं, तर उचलला मी आहे, तिने माझ्याकडे यावं." आणि पाना त्यांच्या हाती दिला. मिस्त्र्यांनी आधी पाटास नमस्कार केला. मग पाना घेतला.

तिसरे प्रहरी सांधा बसला. घाट चढताना सर्वांचे कान बॉनेटकडे. फडफड नाही. वास नाही. दिवेलागणीस स्वारी पोहोचली, तो विहीणबाई ओसरीवरच बसलेल्या. म्हणाल्या, "आम्हांला वाटलं, आता काही येत नाही तुम्ही." आईसाहेब म्हणाल्या, "वाटायला काय लागतं?" रेवतीबाई पिशवी घेऊन उंबऱ्याआतच उभ्या होत्या, दुपारपासोन. त्याच पावली परतणे जाहले, आणि घाट उतरेतो रेवतीबाई आईच्या खांद्यावर झोपी गेल्या.

मार्गशीर्षात दिवस भरले. कन्या जाहली आणि जन्मताच घर दणाणेल ऐसे रडो लागली. सुईणबाई तीस उगी करो लागल्या, तो आईसाहेब म्हणाल्या, "राहू द्या. ऐकू द्या थोडं." ऐसे वर्तमान जाहले ते लिहिले. बाळबाळंतीण सुखरूप.