मोठा आ करा

"दिव्याचं मला कुणी शिकवू नये!" दातांच्या डॉक्टरने सायकलच्या दुकानात, काउंटरवर कोपर टेकून जाहीर केलं. "एकोणीस वर्षं डोक्याला दिवा बांधून पोट भरतेय मी!"

हे विधान खरं होतं. त्या दिवशी दिव्यांबद्दल ती जे जे बोलली त्यातलं एवढंच खरं निघालं, म्हणून ते आधी नोंदवलेलं बरं.

गावाबाहेरच्या टेकडीवर दर वर्षी अंधारातली सायकल शर्यत होते. रस्ता नाही, नुसती पायवाट. दगड, मुळं, ओहोळ. चौघांचा संघ, आळीपाळीने एकेक फेरी. तिघं ठरलेले होते: कॅप्टन, डॉक्टरचा नवरा आणि एक बँकवाला, जो त्या आठवड्यात परगावी होता म्हणून वाचला. चौथ्या जागेसाठी दोन उमेदवार होते. एक डॉक्टर आणि दुसरा तिचा दीर, ज्याला घरात आणि घराबाहेरही सगळे 'धाकटा'च म्हणत. गेली दोन वर्षं डॉक्टर शर्यतीला जायची ती केळी, टॉवेल आणि कोरडे मोजे सांभाळायला. या वर्षी मोजे दुसऱ्या कुणी सांभाळावेत, असा तिचा निश्चय होता.

दुकानदाराने दोन दिवे पुढे ठेवले. "हा पसरट उजेडाचा, हँडलला. हा लांब झोताचा, हेल्मेटला. हँडलचा दिवा चाकाला वाट दाखवतो, डोक्यावरचा तुम्हाला. वळणावर चाक सरळ असतं, पण मान आधीच वळलेली असते."

"उजेड सांडतोय नुसता!" डॉक्टर म्हणाली. "आणि वजन बघा. डोक्यावर काय वरवंटा बांधू? माझा क्लिनिकमधला दिवा एवढासा आहे. बॅटरी कमरेला. उजेड कसा, एकाग्र!"

"किती अंतरावरून वापरता तो?"

"हातभर."

"बाई, झाड हातभर अंतरावर आलं की दिव्याचा उपयोग नसतो. डॉक्टरचा असतो."

"मग मी डॉक्टरच आहे!"

"दातांच्या."

"झाडावर आपटल्यावर पहिलं काय पडतं?"

दुकानदाराने दोन्ही दिवे परत खोक्यात ठेवले. डॉक्टरने तो विजय मानला आणि काहीही न घेता ती बाहेर पडली. मागोमाग नवरा निघाला. त्याने तीन आठवडे खपून बावीस दिव्यांचा तुलनात्मक तक्ता केला होता. तो खिशातच राहिला.

धाकट्याने मात्र दुकानातला सगळ्यात दांडगा दिवा उचलला. घरी येताच त्याने तो जिन्यात लावून बघितला, तेव्हा समोरच्या बिऱ्हाडातले आजोबा सकाळ झाली समजून दात घासायला उठले. संध्याकाळचे सात वाजले होते.

"वहिनी, तुम्ही क्लिनिकचा दिवा लावणार?" धाकटा जेवताना म्हणाला. "काय दिवे लावणार आहात ते दिसतंच आहे!"

"तू आधी नीट चूळ भरायला शीक, मग बोल."

चाचणी शनिवारी ठरली. कॅप्टन हा व्यवसायाने जमीन मोजणारा, त्यामुळे त्याचा मोजल्याशिवाय कशावरच विश्वास नाही. गेली आठ वर्षं तो डॉक्टरचा पेशंटही होता. त्याच्या एका दाढेचं रूट कॅनाल त्या आठवड्यात अर्ध्यावर होतं. गुरुवारीच डॉक्टरने त्यात तात्पुरतं सिमेंट भरून "त्या बाजूने काही चावू नका" असं बजावलं होतं.

"फेरी चार किलोमीटर," कॅप्टनने पायथ्याशी नियम सांगितले. "मी पुढे, बाकीचे मागे. दोघांपैकी जो कमी वेळा पडेल, तो संघात. थांबल्यावर मोठे दिवे बंद करायचे, डोळे दिपतात. फोन गाडीत ठेवा, पडून फुटतात. चला!"

क्लिनिकचा दिवा डॉक्टरने चिकटपट्टीने हेल्मेटला बसवला होता. पेटवला तेव्हा तिच्यापुढे जमिनीवर ताटाएवढं एक स्वच्छ, पांढरं वर्तुळ पडलं. ताटाबाहेर काळोख. घोर निराशा व्हावी असाच प्रकार होता, पण डॉक्टर खूश झाली. दात एका वेळी एकच तपासायचा असतो. ताटात दगड आला की वळायचं, ताटात मूळ आलं की चाक उचलायचं, पुढच्या ताटाची चिंता पुढच्या ताटात. पहिला किलोमीटर ती एकदाही न पडता गेली.

धाकट्याला अख्खी टेकडी दिसत होती, आणि तो अख्खी टेकडी बघत होता. पहिल्या किलोमीटरमध्ये तो दोनदा पडला. एकदा ससा बघताना आणि एकदा, तो ससाच होता ना, ते बघताना.

पहिल्या थांब्यावर कॅप्टन पुढची वाट समजावून सांगायला वळला. "आता उतार लागेल. ब्रेक दोन्ही..."

डॉक्टरने नीट ऐकण्यासाठी त्याच्याकडे बघितलं. दिव्याचा गोल बरोबर त्याच्या ओठांवर पडला. कॅप्टनने वाक्य सोडलं आणि मोठा आ केला.

"काय झालं?" डॉक्टरने विचारलं.

"आ," कॅप्टन म्हणाला.

तिने गोंधळून नवऱ्याकडे मान वळवली. उजेड तोंडावर येताच नवऱ्यानेही आ केला. धाकट्याकडे वळली. त्यानेही! टेकडीवर तिघं पुरुष पक्ष्याच्या पिल्लांसारखे ओळीने चोची उघडून उभे!

"मिटा तोंडं!"

"सवय आहे, वहिनी," जबडा चोळत धाकटा म्हणाला. "हा उजेड दिसला की आपोआप उघडतं."

इथेच कुणीतरी शहाणं व्हायला हवं होतं. पण एक जागा आणि दोन उमेदवार असले की शहाणपणाला कोण विचारतो! सगळे पुढे निघाले.

दुसरा थांबा फाट्यावर होता. उजवीकडची वाट टेकडीला वळसा घालून खाली येते. डावीकडची जुन्या खाणीत उतरते, आणि खाणीच्या तळाला पाणी साचून झालेलं तळं आहे. कॅप्टनला ही वाट तोंडपाठ. त्याने उजवा हात लांब करून स्पष्ट दिशा दाखवली. पण दिव्याचा गोल त्याच्या तोंडावर होता, हात काळोखात होता आणि तोंड उघडं होतं.

तोंड उघडं ठेवून बोललेलं दातांच्या डॉक्टरला समजतं, समजावंच लागतं. 'अई आआ?' म्हणजे 'घरी जाऊ?', हे तिला झोपेतही कळेल. पण मोठा आ करून 'उ' म्हणता येत नाही. वाचकांनी आत्ताच करून बघावं. फक्त आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून घ्यावी. कॅप्टनने जिवाच्या आकांताने 'उजवीकडे' म्हटलं. बाहेर आलं ते असं:

"आ-अईअए!"

"काय म्हणतोय?" नवऱ्याने विचारलं.

"डावीकडे म्हणतोय," डॉक्टर म्हणाली. "स्पष्ट तर म्हणतोय!"

आणि पेडल मारून ती डावीकडे उतरलीसुद्धा! "थांबा!" म्हणून ओरडण्यासाठी कॅप्टनने आधीच उघडलेलं तोंड आणखी उघडलं. उजेडाच्या ओढीने इतका वेळ तिथे घिरट्या घालणारा एक भलामोठा पतंग त्याच क्षणी आत शिरला. त्यामुळे 'थांबा' न येता नुसतं "आं-आ! आं-आ!" आलं.

"शाब्बास म्हणतायत!" डॉक्टरने खूश होऊन ब्रेक सोडले.

खाणीचा उतार घसरडा होता. ताटामागून ताटं भराभर येत होती. दगड, वाळू, दगड, गवत, दगड. डॉक्टर सगळ्यांतून निघाली. मग ताटात एकदम स्वतःचीच दिवा लावलेली मूर्ती दिसली. इथे आरसा कुणी ठेवला, असा विचार तिच्या मनात येईपर्यंत चाक बुडलं, मग पेडल, मग गुडघे. तळ्यात गुडघ्याइतका चिखल आणि वर वीतभर पाणी होतं.

मागून धाकटा आला. त्याला खाण, तळं, वहिनी, सगळं लखलखीत दिसत होतं. त्याने करकचून ब्रेक मारला आणि उरलेला उतार तो आडवा आला. नवरा सायकल हातात धरून सावकाश उतरला. उतारावर काय करावं, तेही त्याच्या तक्त्यात होतं.

सगळ्यात शेवटी कॅप्टन आला. एक हात गालावर, डोळ्यांत पाणी.

"पतंग गेला," तो म्हणाला, "सिमेंट घेऊन!"

दाढ उघडी पडली होती. थंड वारा तिच्यात शिरून थेट मेंदूला भेटून येत होता. डॉक्टर चिखलातून जवळजवळ धावतच बाहेर आली. कमरेच्या पिशवीत, बॅटरीशेजारी, हातमोजे, कापसाचे बोळे आणि सिमेंटची छोटी ट्यूब होती. कॅप्टनला दगडावर बसवलं, हातमोजे चढवले आणि त्याच्यासमोर वाकून हातभर अंतरावर आली.

आणि तो दिवा! काय दिवा होता तो! दाढेचा कोपरान् कोपरा दुपारसारखा उजळला.

"बघा!" डॉक्टर काम करता करता म्हणाली. "उगाच सांडत नाही कुठे!"

पाच मिनिटांत सिमेंट बसलं. तिने दोन्ही बाजूंना कापूस खोचला. "आता वीस मिनिटं जबडा हलवायचा नाही."

कॅप्टनने मान हलवली. मग अस्वस्थ होऊन, कापसाआडून, अगदी निश्चयाने काहीतरी बोलला:

"ऑ-अ, आ-आ!"

दोन्ही उमेदवार एकदम पुढे सरसावले.

"ऐकलंत?" धाकटा उडीच मारायचा बाकी राहिला. "'धाकट्याला' म्हणाला! चौथी जागा धाकट्याला!"

"'डॉक्टरांना' म्हणाला," डॉक्टरने शांतपणे दुरुस्ती केली.

"वहिनी, तुम्हीच उमेदवार आणि तुम्हीच दुभाष्या? हा कुठला न्याय?"

"मग तू सांग, एकोणीस वर्षं उघडी तोंडं कुणी ऐकली आहेत?"

"मघाशी 'डावीकडे' पण तुम्हीच ऐकलं होतं!"

"दादाला विचार!"

"मी चेनमधला चिखल काढतोय," दादा म्हणजे नवरा, मान वर न करता म्हणाला. संसार टिकतो तो असा.

कॅप्टन दोन्ही हात जोरजोरात हलवत होता. पण तो 'नाही' म्हणतोय की डास मारतोय, यावरही दोघांचं एकमत होईना. "हलू नका हो!" डॉक्टर त्याच्यावरच खेकसली. "सिमेंट ओलं आहे!" वीस मिनिटं हा वाद चालला.

वेळ संपताच कॅप्टनने स्वतःच्या हाताने कापूस उपटला.

"'डॉक्टर, आवरा!' म्हणत होतो मी!" तो गरजला. "डासांनी फोडून काढलं मला!"

दोन्ही उमेदवारांनी माना खाली घातल्या. मग धाकट्यानेच चाचरत विचारलं, "पण मग... चौथी जागा?"

कॅप्टनने बोटं मोजली. "तू, नऊ वेळा पडलास. डॉक्टर, एकदाही नाही."

"एकदाही नाही? अहो, वहिनी तळ्यात..."

"तळ्यात त्या सायकलवर बसून गेल्या. पडल्या नाहीत, गेल्या. मी वरून बघितलंय. एवढ्याशा उजेडात जी बाई खाण उतरते, तिला खरा दिवा दिला तर ती काय करेल! जागा डॉक्टरांची."

डॉक्टरचा चेहरा उजळला. सुदैवाने दिवा बाहेरच्या बाजूला होता, म्हणून कुणाला दिसलं नाही.

"पण अटी आहेत," कॅप्टन म्हणाला. "सोमवारी दुकानात जायचं. तो माणूस सांगेल ते दोन्ही दिवे गुपचूप घ्यायचे. आणि शर्यत संपेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघायचं नाही."

एरवी यावर ती एकोणीस वर्षांपासून सुरुवात करून तासभर बोलली असती. पण बोलण्याआधी मान खाली गेली होती, ती तिथेच अडकली. पांढरं ताट तिच्या पायांवर पडलं होतं. उजव्या पायात बूट होता. डाव्या पायात नुसता चिखल.

ती मुकाट्याने तळ्याच्या काठाशी गेली. एक ताट चिखल बघितला. मग दुसरं. मग तिसरं. तळं बरंच मोठं होतं.

"वहिनी," मागून आवाज आला, "माझा दिवा लावू?"

तिने आणखी दोन ताटं बघितली.

"लाव," ती म्हणाली. "पण पाण्यावर धर. माझ्या तोंडावर नको."