जोगेश्वरीची सामुद्रधुनी

आखातातल्या युद्धाबद्दल तुम्हाला काहीही शंका असेल तर बिनधास्त माझ्याकडे या! कच्चं तेल, बॅरल, आरमार, सगळ्याची उत्तरं तयार आहेत. पेट्रोल का वाढलं, का नाही वाढलं, आणि वाढलेलं नसतानाही वाढल्यासारखं का वाटतं, हेसुद्धा मी सांगू शकतो. तसा मी छत्र्यांच्या कंपनीत डिस्पॅच बघतो. पण म्हणून माणसाने बुद्धी काय छत्रीसारखी मिटून ठेवायची?

तिकडे पहिला बॉम्ब पडला आणि इकडे जोगेश्वरी पूर्वेला, आमच्या सुखसागर सोसायटीच्या गेटपाशी, बाकड्यावर खुली चर्चा सुरू झाली. रोज संध्याकाळी! मुख्य वक्ता मी, चंद्रप्रकाश घाडी. विरोधी पक्ष एकच, राजेश कोयंडे. हा तळमजल्यावर राहतो. आम्ही दोघेही मालवणकडचे, गावाला गाव लागून, त्यामुळे भांडायला ओळख करून घ्यावी लागली नाही.

"कायच फरक पडत नाही," हे कोयंड्याचं ठरलेलं मत. "समुद्र आहे तो चंदू! एक वाट बंद झाली तर जहाजं बाजूने येतील."

'बाजूने' हा कोयंड्याचा जगातल्या सगळ्या प्रश्नांवरचा उपाय आहे. नळाला पाणी नाही? बाजूने आण. सून बोलत नाही? बाजूने जा. अशा माणसाला होर्मुझची सामुद्रधुनी समजावून सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी!

आता मुख्य गोष्ट. त्या रविवारी आमच्याकडे पाहुणे येणार होते. माझी मुलगी निधी आणि तिच्या ऑफिसातला सुशांत यांनी एकमेकांना कधीच पसंत केलं होतं. उरली होती ती मोठ्यांची बोलणी. मुलगा सोन्यासारखा! पण त्याचे वडील, चेंबूरचे धाकू परब, म्हणे भयंकर तापट. मोठ्या मुलाच्या वेळी एका घरी ताटकळत बसवलं म्हणून हे गृहस्थ चहाला हात न लावता उठून गेले होते, आणि ती सोयरीक तिथेच मोडली होती. निधीने या एका गोष्टीचा इतका धसका घेतला होता की पोरगी दोन दिवस धड जेवली नव्हती.

सकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, प्लीज. आज युद्ध नको."

"मी काय वेडा आहे का गं?"

यावर माझी बायको मालन आणि निधी यांनी एकमेकींकडे बघितलं. मला ते लागलं.

"अहो, तुम्ही एकच काम करा," मालन म्हणाली. "खाली जाऊन गेटच्या आतली जागा पाहुण्यांच्या गाडीसाठी धरून ठेवा. दुसरं काहीही करू नका!"

एवढं सोपं काम! मी इस्त्रीचा शर्ट घालून खाली गेलो. जागा रिकामी होती. मी तिच्या मधोमध उभा राहिलो. पाच मिनिटं सगळं झकास चाललं होतं.

मग कोयंडे दूध घेऊन आला.

"काय चंदू, सकाळच्या बातम्या बघितल्यास? सामुद्रधुनी बंद करणार म्हणतात. करू देत! जहाजं जातील बाजूने."

मी गप्प राहिलो. खरंच राहिलो! पण तो पुढे म्हणाला, "तू उगाच लोकांना घाबरवतोस यार. तुला त्यातलं काही कळत नाही."

आता सांगा, पोरीला दिलेला शब्द मोठा हे मला मान्य आहे. पण हे वाक्य त्याने वॉचमनच्या देखत म्हटलं होतं!

"कोयंड्या, बाजूच नाहीये तिथे!" मी ओरडलो. "हे आपलं गेट बघ. इकडे पाण्याची टाकी, तिकडे पिठाच्या गिरणीची भिंत. एका वेळी एकच गाडी जाते. हीच होर्मुझ समज. आणि हा बघ मी, इराण!"

असं म्हणून मी माझी जुनी गाडी काढली आणि गेटमध्ये मस्तपैकी तिरकी लावली. "जा आता बाजूने!"

खरं तर प्रात्यक्षिक इथेच संपायला हवं होतं. पण बाकड्यावर तोपर्यंत आठ-दहा जण जमले होते आणि कोणीतरी टाळी वाजवली. टाळी ऐकून कोयंड्याचं डोकं फिरलं. त्याने आपली स्कूटर आणली आणि गाडीच्या पुढ्यात, उरलेल्या फटीत घुसवली. "मी अमेरिका! काढ तुझी गाडी!"

"आधी तू स्कूटर काढ!"

"आधी तू!"

जमलेल्यांत दोन तट पडले. वरच्या मजल्यांचा पाठिंबा मला, खालच्यांचा कोयंड्याला. याला तेलाशी संबंध नव्हता, लिफ्टच्या खर्चाचं जुनं भांडण होतं. खिडक्यांतून बायका डोकावू लागल्या. आणि तेवढ्यात भोंपू वाजवत गल्लीत शिरला सोसायटीचा पाण्याचा टँकर!

ड्रायव्हर अंबादास हा बीडकडचा, धिप्पाड आणि रोखठोक माणूस. त्याने खाली उतरून पाहिलं.

"काय झालंय? ॲक्सिडेंट?"

"युद्ध," वॉचमन म्हणाला.

"मग मी पाणी कुठं ओतू? हितं?"

"बाजूने!" मी कोयंड्याकडे बघत म्हणालो. काय टाळ्या पडल्या! कोयंडे लालबुंद झाला. त्याने स्कूटरची चावी खिशात टाकली, तरातरा घरात गेला, दार लावून घेतलं आणि खिडकीत येऊन चहा पिऊ लागला.

टँकरच्या मागे एक रिक्षा अडकली, तिच्यामागे गॅसचा टेम्पो, त्याच्यामागे आणखी काय काय. हॉर्नचा नुसता कल्लोळ! या गोंधळातून एक गृहस्थ वाट काढत चालत आले. पांढरा शर्ट, हातात पिशवी, पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर आलेली. त्यांनी गाडीकडे बघितलं, स्कूटरकडे बघितलं.

"ह्यां काय चल्लांहा?" त्यांनी विचारलं.

वा, गाववाला! मला हुरूप आला. मी त्यांना पहिल्यापासून सगळी भूमिका समजावून सांगितली. "तुम्ही कोणाच्या बाजूचे काका?"

"मी कोणाच्याच नाय."

"मग तुम्ही तटस्थ राष्ट्र! इथे टाकीपाशी उभे राहा. दोन्हीकडे बघून हसायचं आणि चिंता व्यक्त करायची."

गृहस्थ हसले नाहीत. पण टाकीपाशी उभे मात्र राहिले.

आणि वरून निधीची हाक आली. "बाबा! ते लोक आलेत! त्यांची गाडी टँकरच्या मागे अडकलीय!"

मी वर बघितलं. मोरपिशी साडी, केसात गजरा, आणि डोळे भरून आलेले. लहानपणी शाळेची बस चुकली की अगदी अशीच बघायची. काय करून बसलो मी हे! इराण, अमेरिका, सगळं गेलं खड्ड्यात. परब गाडीत ताटकळत बसलेले, म्हणजे वाट लागली!

मी धावत कोयंड्याच्या खिडकीशी गेलो. "राजेश, स्कूटर काढ रे बाबा! निधीचं लग्न मोडेल!"

"काढतो की," कोयंडे बशीत चहा ओतत म्हणाला. "आधी कबूल कर. सामुद्रधुनी बंद झाली तरी फरक पडत नाही."

"अरे हा टँकर बघ! ढळढळीत फरक पडलाय!"

"मग राहू दे."

मी डोळे मिटले. निधीचा चेहरा आठवला. "बरं. नाही पडत फरक."

"मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"फरक पडत नाही!" मी गल्लीभर ओरडलो. खालच्या मजल्यांनी जल्लोष केला. कोयंडे चावी घेऊन उठला, दारापर्यंत आला, आणि माझ्या तोंडून, देवाशपथ माझी इच्छा नसताना, निघून गेलं, "तात्पुरता!"

कोयंडे परत जाऊन बसला.

"बाबा!" वरून निधी किंचाळली. "अहो!" मालन किंचाळली. अंबादासने भोंपूवर हात ठेवला तो उचललाच नाही. मी गाडी काढायला धावलो, पण पुढे स्कूटर, मागे टँकर, गाडी काय उचलून खिशात घालू?

तेव्हा ते तटस्थ राष्ट्र पुढे सरकलं. त्यांनी चपला काढल्या, पिशवीतला नारळ काढून बरोब्बर माझ्या गाडीच्या आणि स्कूटरच्या मध्ये ठेवला, हात जोडले, आणि असा काही आवाज लावला की भोंपूसुद्धा थांबला.

"बा देवा म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हणालो. खिडकीतून कोयंडेही म्हणाला.

तुम्ही कोकणातले नसाल तर सांगतो. याला गाऱ्हाणं म्हणतात. नारळ ठेवून एकाने देवाकडे मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. यात 'पण' नाही, 'तात्पुरता' नाही, आणि एकदा होकार दिला की देवासमोर दिलेला शब्द झाला. मालवणी माणूस कोर्टात खोटं बोलेल एक वेळ, गाऱ्हाण्यात दिलेला होकार फिरवणार नाही. आणि गंमत म्हणजे गाऱ्हाण्याचा सूर कानावर पडला की आमच्या लोकांचे हात आपोआप जोडले जातात. कोयंडे तर बशीसकट हात जोडून उभा होता!

"आज ह्या गेटार जे काय दोन शाणे आडवे पडले हत..."

"व्हय म्हाराजा!"

"तेंका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात अख्खी सोसायटी सामील झाली. अंबादाससुद्धा! त्याला गाऱ्हाणं ठाऊक नव्हतं, पण मागणी पटली होती.

"एकान गाडी काढूची, दुसऱ्यान स्कूटर काढूची, एकाच टायमाक काढूची!"

"व्हय म्हाराजा!" कोयंड्याने जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला. मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवणार होतो.

"मी धाकू परब, माझ्या झिलासाठी, सुशांतासाठी, ह्या घरातला चेडू मागूक इलंय म्हाराजा!"

"व्हय म्हा..."

माझं तोंड उघडंच राहिलं. चेडू म्हणजे मुलगी, आमची निधी! आणि हे धाकू परब! निधीने दाखवलेल्या फोटोत त्यांच्या डोक्यावर फेटा होता हो, फेट्यात कोण कसा दिसतो काय सांगायचं? म्हणजे मी होणाऱ्या व्याह्यांना टाकीपाशी उभं करून चिंता व्यक्त करायला सांगितलं होतं! आणि निधीची 'बाबा' ही हाक त्यांनीही ऐकली होती. या माणसाला मघापासून सगळं ठाऊक होतं!

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा डोळे मिटले.

"आणि ह्या चेडवाच्या बापाशीन, लगीन लागापर्यंत, लढायेचो एक शब्द तोंडातून काढूचो नाय रे म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजाऽऽऽ!"

एवढा मोठा गजर जोगेश्वरीने कधी ऐकला नसेल. वरचे मजले, खालचे मजले, इराण, अमेरिका, सगळे एक! त्यातही सगळ्यात वरचा आवाज मालनचा होता. मी म्हणालो की नाही? म्हणालो. गप्प राहण्याची सोय नसतेच.

स्कूटर निघाली, टँकर मागे सरला, गाडी निघाली. कोयंड्याने येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला. "अभिनंदन चंदू. बघ, आलं की नाही सगळं बाजूने!" आणि मला उत्तर देता येईना!

वर पाहुणे बसले. सुशांतची आई, द्रौपदीबाई, हसून हसून डोळे पुसत होत्या. धाकूरावांनी पोह्यांची बशी हातात घेतली आणि म्हणाले, "व्याहीबुवा, घर आवडलां आमका. घरात हसणां आसा, तां महत्त्वाचा." निधीने माझ्याकडे असं बघितलं की मला भरून आलं. पोरगी वाचली! माझ्यासारखा बाप असूनही वाचली!

इथवर सगळं उत्तम होतं. पण धाकूरावांनी दुसरी बशी घेतली आणि आरामात मागे टेकले.

"बाकी ता तेलाचा काय होतला?" ते सुशांतकडे बघत म्हणाले. "माझ्या मते ती होर्मुझ तांबड्या समुद्रात आसा. थयसून आपलां तेल येनाच नाय."

तांबड्या समुद्रात! मी पोह्याचा घास गिळला. तो अर्ध्यात अडकला. मालनने पाणी पुढे केलं.

"आणि बॅरल म्हणजे साधारण दुधाच्या कॅनाएवढो," ते पुढे म्हणाले.

मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसलो. घरातले सगळे माझ्याकडे बघत होते. मी हसलो, आणि चेहऱ्यावर जमेल तेवढी चिंता व्यक्त केली.

शेवटी द्रौपदीबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर मागितलं. एक पान उलटून त्या म्हणाल्या, "महिन्याभरात मुहूर्त आहे बघा छान. घेऊया का? मुलांनाही घाई आहे."

घाई तर होतीच! दोन महिने निधी माझ्यामागे लागली होती, लवकरात लवकरचा मुहूर्त धरा म्हणून. मी तर मनातल्या मनात हॉलसुद्धा ठरवला. एक महिना काय, कसाही काढेन!

मालनने माझ्याकडे बघितलं. मग खिडकीतून खाली, बाकड्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर अशी शांतता दिसत होती.

"एवढी काय घाई?" ती म्हणाली. "पुढच्या वर्षीचा वैशाख बघा की."

मी निधीकडे आशेने पाहिलं. निधीने क्षणभर विचार केला.

"मला चालेल, आई."